डाव्या खांद्याची साक्ष

भाऊजींचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला तो भर चौकात, आणि तेव्हा अर्धं शहर अकरा मिनिटं थांबून राहिलं.

भाऊजी ट्रॅफिक पोलीस. उजवा हात वर, तळवा समोर, छाती पुढे. "थांबा" म्हणायची ही जगभर एकच रीत. आणि खांद्यातला गोळा खोबणीतून पुढे सटकायचा असेल तर त्यालाही नेमकी हीच रीत लागते. गोळा सटकला, हात होता तिथेच अडकला. तोंडात शिट्टी होती, त्यामुळे ते ओरडले तेही शिट्टीतूनच. लोकांना वाटलं, आज पोलीस भलताच कडक दिसतोय. चारी बाजूंच्या गाड्या शहाण्या मुलांसारख्या गप उभ्या राहिल्या. शेवटी एक बस ड्रायव्हर खाली उतरला. भाऊजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहताना पाहून त्यानं आपली टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

त्यानंतर तो खांदा सोकावलाच. शर्ट घालताना निखळला, शिंकताना निखळला, एकदा तर नुसती जांभई आली म्हणून निखळला. चौकात तिसऱ्यांदा निखळला तेव्हा साहेबांनी बोलावून सांगितलं, "हे बघ, आता ऑपरेशन करून ये. त्यानंतर एकदा जरी हा हात चौकात अडकला, तर तू आणि तुझा हात, दोघंही रेकॉर्ड रूममध्ये."

रेकॉर्ड रूम तळघरात होती. तिला खिडकी नव्हती. तिथे एक म्हातारे कारकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या पोटाच्या तक्रारी पहिल्यापासून सांगायचे. भाऊजी म्हणजे एकटा जीव सदाशिव. ना बायको ना पोरं. चौक हाच त्यांचा संसार. ते म्हणायचे, "वहिनी, घरी माझं मांजर माझं ऐकत नाही. पण चौकात हात वर केला की लांबलचक काळ्या गाडीतला माणूससुद्धा ब्रेक मारतो. ते गेलं तर राहिलं काय?"

हे ते वहिनीला सांगायचे, कारण वहिनीच्याच हातात सगळं होतं. म्हणजे वहिनीच्या कॉम्प्युटरच्या हातात.

वहिनी हॉस्पिटलात कॉम्प्युटरवर हाडं बसवायची. पेशंटचा स्कॅन घ्यायचा, त्यातून पडद्यावर त्याचा खांदा जसाच्या तसा उभा करायचा, आणि मग त्या खोट्या खांद्याला खरोखरीचा त्रास द्यायचा. हात वर कर, मागे ने, ढकल, ओढ. कितीला निखळतो बघ. तिथे हाडाचा तुकडा लावून पुन्हा ढकल. भाऊजी तिला एकदा भेटायला आले आणि कॉरिडॉरभर "वहिनी, ओ वहिनी" करत फिरले, तेव्हापासून आख्खं हॉस्पिटल तिला वहिनीच म्हणायला लागलं. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत.

खांद्याचं कोडं ती सगळ्यांना एकाच भाषेत समजवायची. खोबण म्हणजे बशी. गोळा म्हणजे बशीत ठेवलेलं लिंबू. बशीचा पुढचा काठ फुटला की लिंबू घरंगळणारच. काठ जरासाच झिजला असेल तर गोळ्याभोवतीचे मऊ पडदे घट्ट शिवून भागतं. ती नुसती शिलाई. पण बशीचा मोठा टवका उडाला असेल तर शिलाईचं काम नाही. मग खांद्याच्या पुढे पक्ष्याच्या चोचीसारखं जे हाड असतं, ते त्याच्या स्नायूसकट कापायचं आणि फुटक्या काठाला दोन स्क्रूंनी बसवायचं. थोडक्यात, याची टोपी त्याला.

मोठ्या डॉक्टरांना टोपी घालायची फार हौस. हातात ड्रिल आलं की त्यांना जिकडेतिकडे स्क्रूची जागा दिसायची. म्हणून वहिनीनं वर्षभर भांडून हॉस्पिटलात एक नियम करून घेतला होता: मॉडेलमध्ये हाडाची झीज पंधरा टक्क्यांच्या वर आल्याशिवाय चोच कापायची नाही.

हा नियम मिळवणं सोपं नव्हतं, कारण मॉडेलची अब्रू सुरुवातीला यथातथाच होती. पहिल्या प्रात्यक्षिकाला बारा पाहुणे आले होते. वहिनीनं ऐटीत बटण दाबलं. पण खांद्याचं पातं जागेवर बांधून ठेवायचं असतं, ते बांधायला ती विसरली होती. हात ढकलताच हात राहिला जागेवर आणि पेशंटचं पातं उडालं ते पडद्याच्या बाहेर. कॉम्प्युटरनं खाली इमानदारीत लिहिलं: सरकले आठ किलोमीटर. दुसऱ्या वेळी तिनं खांद्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती छापायला पाठवली. छापणाऱ्या मशीनला मिलिमीटर कोणते आणि सेंटिमीटर कोणते हे कुणी सांगितलंच नाही. प्रतिकृती आली शर्टाच्या बटणाएवढी. मोठ्या डॉक्टरांनी ती चिमटीत धरली, उजेडात पाहिली आणि विचारलं, "पेशंट कोण आहे? उंदीर?"

यातून वर येऊन तिनं नियम केला होता. त्यामुळे तो तिला सख्ख्या लेकरासारखा होता.

आणि आता त्याच नियमासमोर भाऊजी उभे होते.

वहिनीनं त्यांचा स्कॅन स्वतः जातीनं केला. दोन्ही खांद्यांचा. कारण फुटक्या बशीचा किती टवका उडाला हे कळायला आधी ती अख्खी केवढी होती ते कळावं लागतं. आणि माणसाजवळ दुसरी बशी असतेच. म्हणून या धंद्यातली पद्धत अशी की चांगल्या बाजूचा खांदा घ्यायचा, आरशात धरल्यासारखा उलटा करायचा आणि दुखऱ्यावर ठेवायचा. जेवढं कमी पडेल तेवढी झीज. उजवा खांदा तो फिर्यादी, डावा तो साक्षीदार.

फॉर्मवर एक प्रश्न होता: दुसरा खांदा पूर्वी कधी निखळला आहे का? परक्या पेशंटला वहिनी हा प्रश्न तीनतीनदा विचारायची. पण इथे घरचाच माणूस. बारा वर्षं दर रविवारी आपल्या ताटासमोर बसणारा. तिनं विचारलंसुद्धा नाही. "नाही"वर खूण करून मोकळी झाली.

आकडा आला: दोन टक्के.

"दोन?" मोठे डॉक्टर म्हणाले. "अहो, हा माणूस जांभई देतो आणि हात हातात येतो. दोन टक्के?"

"मॉडेल सांगतंय."

मोठ्या डॉक्टरांनी खिशातून औषधाच्या बाटलीचं झाकण काढलं. खोबणीचा खालचा भाग गोल असतो. छापलेल्या चित्रावर झाकण ठेवायचं, पेनानं गोल ओढायचा आणि गोलाच्या आत हाड किती नाही ते डोळ्यांनी बघायचं. ही त्यांची तीस वर्षांची पद्धत. त्यांनी गोल ओढला आणि गालातल्या गालात हसले. "माझं झाकण म्हणतंय पाव हिस्सा गायब."

"झाकणावर ऑपरेशन ठरवायचं तर मला कशाला ठेवलंय?" वहिनी फणकारली.

"छे छे! नियम म्हणजे नियम. आणि तो तुम्हीच केलाय." मोठ्या डॉक्टरांचा आवाज इतका गोड झाला की जवळ उभी असलेली नर्स घाबरली. "पंधराच्या खाली हाड कापायचं नाही. सोमवारी सकाळी शिलाई. माझं झाकण मी खिशात ठेवतो."

वहिनी जागेवर येऊन बसली खरी, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. झाकण खरं असेल तर नुसती शिलाई म्हणजे धरणाच्या भिंतीला टाका घालण्यासारखं. तीनचार महिन्यांत चौकात हात वर, हात अडकला, आणि भाऊजी तळघरात पोटाच्या तक्रारी ऐकायला. तिनं मॉडेलला पुन्हा ढकललं. हललं नाही. जोर दुप्पट केला. ढिम्म. शेवटी वैतागून तिनं भरधाव बसनं धडक द्यावी एवढा जोर लावला. दंडाचं हाड मोडलं, पण गोळा काही खोबणीतून निघाला नाही.

असा खांदा तिनं आजवर पाहिला नव्हता. आणि तो खांदा होता भाऊजींचा, ज्यांना जांभई झेपत नव्हती.

रविवारी भाऊजी नेहमीप्रमाणे जेवायला आले. उजवा हात झोळीत. नवरा पेपर वाचत होता. सासूबाई ओट्यापाशी होत्या. वहिनी भांडी पुसत तेच गणित पुन्हा मनात मांडत होती. भाऊजींनी फ्रिजवरचा बिस्किटांचा डबा घ्यायला डावा हात वर केला.

खट्.

"आई," भाऊजी शांतपणे म्हणाले. हात डब्यावरच. "निघाला."

"थांब, गॅस बारीक करून आले."

सासूबाईंनी गॅस बारीक केला. फरशीवर टॉवेल अंथरला. भाऊजी सवयीनं त्यावर आडवे झाले. सासूबाई शेजारी बसल्या, पायाची टाच त्यांच्या काखेत रोवली, दोन्ही हातांनी मनगट धरून हळूहळू ओढायला लागल्या आणि एकदम म्हणाल्या, "ते बघ, पाल!"

"कुठे?"

टक्.

"झालं. ऊठ. तोंडावर पाणी मार." सासूबाईंनी टॉवेल झटकला आणि परत गॅसपाशी गेल्या. नवऱ्यानं पेपरचं पान उलटलं.

वहिनी हातात पळी धरून तशीच उभी होती.

"आई, हे काय होतं?"

"काय म्हणजे? डावा. उजवा मला नाही जमत, त्याला तुमचे डॉक्टर."

"केव्हापासून?"

"झाली की चार वर्षं. पहिल्यांदा फार वेळ लागायचा. आता हात बसलाय माझा, तू भाजी घेऊन येईपर्यंत उरकतं."

"तुला माहीत नव्हतं?" नवरा पेपरमागून म्हणाला. "तो रविवारी एवढा मायेनं येतो तो काय तुझ्या हातचं खायला?"

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्ही विचारलंत कुठे वहिनी?" भाऊजी तोंड पुसत म्हणाले.

वहिनीनं एक खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि समोर स्वतः बसली. चौकशीला पोलीस समोरच्याला बसवतो तसं.

"भाऊजी, तुमच्या उजव्या खांद्याला किती हाड असायला हवं, हे माझ्या कॉम्प्युटरनं कुणाला विचारलं माहितीये? तुमच्या डाव्याला. एका चोराबद्दल दुसऱ्या चोराला विचारलं. तो काय म्हणणार? म्हणाला, साहेब, याच्याकडे माझ्याएवढंच आहे, सगळं ठीक आहे! म्हणून दोन टक्के. म्हणून उद्या नुसती शिलाई. आणि त्या शिलाईचं काय होईल ते मी सांगायला नको."

भाऊजींचा चेहरा उतरला. "म्हणजे पुन्हा निघणार?"

"पहिल्याच सिग्नलला. उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांना सांगावं लागेल, डावाही निखळतो म्हणून."

"नको! वहिनी, पाया पडतो. म्हणजे पडलो असतो, पण हात टेकता येत नाहीत. ते कागदावर येणार. कागद साहेबांकडे जाणार. एका हाताला त्यांनी रेकॉर्ड रूम म्हटलंय, दोन हातांना काय म्हणतील?" ते पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्यापेक्षा डाव्याचं नावच काढू नका. तुमचंच तर मशीन. दोन आलेत ना? पुढे आणखी एक दोन जोडा. बावीस. कोण बघतंय?"

"कायद्याचा माणूस तू," सासूबाई ओट्यापासून म्हणाल्या, "आणि वहिनीला चारसोबीसी शिकवतोस?"

वहिनीनं हातातली पळी खाली ठेवली. खोटं सांगायचं कशाला, तिच्याही मनात ते येऊन गेलं. एक दोन. एक बोट. नियमाची अब्रूही शाबूत आणि भाऊजींचा चौकही. पण मग तिनं मान हलवली.

"आकडा लिहीन हो. पण उद्या डॉक्टर विचारतील, तुकडा केवढा कापू, कसा वळवू, कुठे बसवू? त्याला अख्ख्या काठाचा आकार लागतो. खोट्या आकड्याला काठ नसतो भाऊजी. तुकडा दोन मिलिमीटर मागे बसला तर गोळा पुन्हा सटकणार. दोन मिलिमीटर पुढे आला तर गोळा त्यावर घासून घासून पाच वर्षांत झिजून जाणार. मग चौक सोडा, तुम्हाला चमचाही तोंडाशी नेता येणार नाही."

"मग आता आकार आणायचा कुठून? माझे तर दोन्ही फुटके."

वहिनी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर पेपरवर गेली. पेपरच्या मागे तिचा नवरा होता. भाऊजींचा सख्खा मोठा भाऊ. तेच आईबाप, तीच हाडं. आणि खांदा? बारा वर्षांत त्या माणसानं माळ्यावरून कधी काही काढलं नव्हतं, पडदा लावला नव्हता, बल्ब बदलला नव्हता. मतदानालासुद्धा हात वर करायला नको म्हणून तो सोसायटीच्या मीटिंगला जायचा नाही. इतका न वापरलेला, कोरा करकरीत खांदा आख्ख्या शहरात सापडला नसता.

"अहो," ती म्हणाली, "गेल्या वर्षी तुमच्या खोकल्याला छातीचा स्कॅन काढला होता ना?"

"कपाटात आहे. का?"

"त्यात खांदेही आलेत."

"मग?"

"मग काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा कामाला येताय. तुम्ही पेपर वाचा."

दुपारीच ती सीडी आणि भाऊजींना घेऊन हॉस्पिटलात गेली. नवऱ्याचा उजवा खांदा पडद्यावर उभा राहिला तेव्हा तिला जरा भरूनच आलं. काठ असा रेखीव की जणू कालच कारखान्यातून आलाय. फक्त नवरा भाऊजींपेक्षा बुटका. म्हणून तिनं दोघांच्या गोळ्यांची मापं घेतली आणि नवऱ्याची खोबण नऊ टक्के मोठी केली.

"दादा वाढला," भाऊजी म्हणाले.

"हो. लग्नानंतर पहिल्यांदाच."

मग नवऱ्याची खोबण तिनं भाऊजींच्या उजव्या खोबणीवर ठेवली. पुढच्या बाजूला चंद्रकोरीसारखा एक तुकडा लाल झाला. तेवढं हाड भाऊजींकडे नव्हतं. कोपऱ्यात आकडा आला.

बावीस.

दोघंही आकड्याकडे बघत राहिले. "मी हात लावला नाही हं," भाऊजी म्हणाले.

दोन टक्क्यांच्या हिशोबानं आवळलेले पडदे मॉडेलनं आता बावीसच्या हिशोबानं सैल सोडले. वहिनीनं हात वर केलेल्या स्थितीत खांदा ढकलायला घेतला. बसची धडक वगैरे नाही, नुसता वाऱ्याएवढा जोर. पडद्यावरचा पांढरा गोळा कचरला, काठाशी आला, थबकला आणि अलगद खाली घसरला. वहिनीनं टाळ्या वाजवल्या.

"वहिनी!" भाऊजी आपला झोळीतला हात घट्ट धरून कळवळले. "माझा खांदा निखळतोय आणि तुम्ही टाळ्या काय वाजवताय!"

"अहो, तीन दिवस निखळत नव्हता! बसा, आता तुमची चोच कापते."

सोमवारी सकाळी सात वाजता ती मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभी होती. त्यांनी कागद पाहिला. चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"शुक्रवारी दोन. आज बावीस. मधे आणखी एक दोन घातलात का हो?"

वहिनीचे कान लाल झाले. खोटं न बोलूनही पकडली गेल्यासारखं वाटणं हा काही सुखाचा अनुभव नव्हे. तिनं हात पुढे केला. "तुमचं झाकण द्या."

"काय?"

"झाकण. बाटलीचं."

मोठ्या डॉक्टरांनी ते दिलं. वहिनीनं भाऊजींच्या डाव्या खांद्याचं चित्र टेबलावर पसरलं, त्यावर झाकण ठेवलं आणि गोल ओढला. गोलाच्या आत, पुढच्या बाजूला, हाडाऐवजी नुसता कागद होता.

मोठ्या डॉक्टरांनी तो कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. वहिनीला वाटलं, आता हसतील. हसण्याचा त्यांना हक्क होता. पण ते म्हणाले, "हा चित्रात होता आणि मीही बघितला नाही. चांगला खांदा म्हटलं की कोण बघतं?" मग झाकण उचलून खिशात टाकत, "याला बसवत कोण होतं? आमच्याकडे तर एकदाही आला नाही."

"माझ्या सासूबाई. टाच काखेत घालून. पाल दाखवून."

"पाल?"

"लक्ष दुसरीकडे गेलं की स्नायू सैल सोडतात."

मोठ्या डॉक्टरांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. नंतर कळलं की त्यांनी "पाल" एवढंच लिहिलं होतं.

भांडण संपलं नव्हतंच, फक्त दुसऱ्या जागी गेलं. मॉडेल म्हणत होतं तुकडा काठाशी अगदी सपाट बसवा. मोठे डॉक्टर म्हणत होते दोन मिलिमीटर पुढे असू दे, गोळ्याला आधार मिळेल. वहिनीनं त्यांचे दोन मिलिमीटर पडद्यावर लावून दाखवले. गोळा काही सटकला नाही, पण जिथे घासला तिथे पडदा लालभडक झाला.

"एक?" मोठे डॉक्टर म्हणाले, भाजीवाल्याशी बोलावं तसं.

"शून्य."

"अर्धा तरी?"

"डॉक्टर, तो माझा दीर आहे."

शून्य ठरलं.

आता राहिले साहेब. डाव्याचं कागदावर येणारच होतं. वहिनी म्हणाली, ते कागदातून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळू दे. ऑपरेशनचे हिरवे कपडे घालून, स्ट्रेचरवर बसून, भाऊजींनी फोन लावला. वहिनीनं तो त्यांच्या कानाशी धरला. सगळं सांगून झाल्यावर भाऊजींनी डोळे मिटले.

"डावा चार वर्षं असाच आहे?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"आणि चौकात कधी अडकला?"

"नाही साहेब. डावा मी खांद्याच्या वर नेतच नाही. डावीकडची गाडी थांबवायची असली तर मी अख्खा फिरतो आणि उजवा करतो."

"म्हणून तू गरागरा फिरतोस! मला वाटायचं, शिस्त आहे." साहेबांनी खोल श्वास घेतला. "एक चांगला हात घेऊन ये. एकच पुरे. पण तो अडकला, तर मला पुन्हा फोन करू नकोस. सरळ जिना उतरून खाली जायचं."

ऑपरेशनला दोन तास लागले. चोच कापली, फिरवली, फुटक्या काठाला दोन स्क्रूंनी बसवली. शून्य.

पुढचे सहा महिने भाऊजींनी हात तसूतसूनं वर नेला. आधी टेबलापर्यंत, मग फ्रिजच्या दारापर्यंत, मग फ्रिजवर. डाव्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी ठरलं, तोवर तो सासूबाईंच्या ताब्यात.

भाऊजी चौकात परत उभे राहिले त्या पहिल्या सोमवारी वहिनी मोठ्या डॉक्टरांच्या गाडीत होती. दोघं एका सभेला निघाले होते. दुसऱ्या खांद्याचीही उलटतपासणी केल्याशिवाय त्याची साक्ष धरायची नाही, असा नवा नियम मोठे डॉक्टर तिथे मांडणार होते, आणि तो त्यांनाच सुचला अशा थाटात मांडणार होते. उशीर झाला होता. चौकाशी आले आणि समोर हात वर झाला.

उजवा. तळवा समोर. छाती पुढे.

"अरे, हा तर आपलाच!" मोठ्या डॉक्टरांनी हॉर्न वाजवला. भाऊजींनी ढुंकूनही पाहिलं नाही. शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती, दोनदोनच्या रांगेत, आणि रांगेचं शेपूट कोपऱ्यावरून अजून निघतच होतं.

मोठ्या डॉक्टरांनी काच खाली करून मान बाहेर काढली. "अहो, तो हात मी बसवलाय! सोडा की आम्हाला!"

"म्हणूनच थांबवतोय डॉक्टर!" भाऊजी ओरडले. "बसवला नसता तर मी तळघरात असतो आणि तुम्ही केव्हाच गेला असता!"

वहिनी मात्र हसली नाही. ती मोजत होती. मॉडेलमध्ये तिनं हात वर ठेवला होता चार सेकंद. त्यापुढे कॉम्प्युटर फार वेळ घेतो म्हणून थांबवलं होतं. चाळीस झाले. पन्नास. एका पोराची चप्पल रस्त्यात राहिली, ती आणायला ते मागे पळालं. साठ. भाऊजींचा तळवा जरासुद्धा थरथरत नव्हता. तिला मात्र स्वतःच्याच खांद्यात कळ यायला लागली, कारण कधी कुणास ठाऊक, तिनंही गाडीत बसल्या बसल्या हात वर केला होता.

"वहिनी," मोठे डॉक्टर म्हणाले, "हात खाली घ्या. मागचे लोक हॉर्न मारतायत."

तिनं नाही घेतला. शेवटचं पोर पलीकडच्या फुटपाथवर चढलं. भाऊजींनी सावकाश, राजासारखा, आपल्या मर्जीनं हात खाली आणला. गाड्या सुटल्या.